कानाला लावलेला फोन

आई,

माणसाच्या डोक्यात मेंदू असतो, हे मला शाळेच्या आधी तुझ्या चुलीपुढं कळलं. आपली मेंढरं तोवर विकून झाली होती, लासुर्ण्याच्या रानात ऊस उभा होता, तरी घरात मुंडी आली की अण्णांना भेजा लागायचाच. तू परातीत पाणी घेऊन त्यावरचा लालसर पापुद्रा बोटांनी अलगद सोडवते आहेस आणि मी शेजारी उकिडवी बसून त्यात बोट खुपसते. "खेळायची वस्तू हाय का ती? सर तिकडं, लगीच शिजाय पायजे," म्हणून तू हातावर चापट मारतेस. शिजल्यावर मात्र आधी माझ्या ताटात वाढतेस. "खा, डोस्कं चालंल." डोकं किती चाललं कोण जाणे, पण पुढची सगळी वर्षं मी त्याच वस्तूत बोट खुपसून बसले.

मी पुण्यात नेमकं काय करते, असं तू विचारायचीस आणि मी "मेंदूचं" म्हणून टाळायचे. आज सांगते. मेंदूतल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. काही एन्झाइमं त्या आवरणातून मेदाम्लं सुटी करतात. एरवी हे बेताबेतानं चालतं आणि पेशींचे कितीतरी निरोप त्यावरच पोचतात. पण रक्त यायचं थांबलं की त्या एन्झाइमांना धरबंध राहत नाही. आवरणं कुरतडली जातात, मेदाम्लं साचत जातात आणि जीव गेला तरी हे काम थोडा वेळ चालूच राहतं. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत उंदराचा मेंदू काढल्या काढल्या गोठवायचे. मी नवी होते तेव्हा आधी त्याचं नीटनेटकं वजन करत बसले. मेदाम्लं भरपूर सापडली, मी हुरळून गेले. सरांनी कागद परत सरकवला. "तू तुझा उशीर मोजून आणलायस," म्हणाले. संध्याकाळी रडत तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "सर रागावलं तर रागावू दे. तू जेवलीस का?"

तुला झटका आला तेव्हाही मी पुण्यातच होते. मेंदूत गुठळी अडकली होती. मामांनी बारामतीच्या दवाखान्यातून फोन लावला. "बोल गं, तिच्या कानाला लावलाय." मला एवढंच सुचलं, "आई, मी निघालेय." पलीकडून फक्त तुझ्या श्वासाची घरघर आली. पाटसला गाडी बारामतीकडे वळली आणि मामांचा पुन्हा फोन आला. मी तो उचलला नाही, कारण काय ते मला कळलं होतं. रक्त अडल्यावर तुझ्या डोक्यात काय काय होत गेलं असेल, ते मी आज फळ्यावर काढून दाखवू शकते. माझं ते एक वाक्य तुला ऐकू गेलं का, हे मात्र मला कुठंच सापडलेलं नाही. फार शोधलं, आई.

आता मी बारामतीत कॉलेजात शिकवते, फ्लॅटमध्ये एकटी राहते. दाराची बेल वाजवणारं माणूस म्हणजे कोऱ्हाळ्याहून दूध घालायला येणाऱ्या बाई, एवढंच. गेल्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. मग त्यांचा दवाखान्यातून फोन आला, मालकांना झटका आलाय, जरा याल का. गेले. माणूस डोळे मिटून पडलेला, डॉक्टर काही सांगायला तयार नाहीत. बाईंनी माझा हात धरला.

"म्याडम, तुमी मेंदूचंच शिकवता न्हवं? ह्यास्नी ऐकाय येतंय का?"

"येतं," मी म्हणाले. "बोला तुम्ही."

वर्गात कुणी असं बिनपुराव्याचं ठोकून दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. बाईंनी स्टूल पुढं ओढलं.

"अवं, म्हस मला पान्हा सोडत न्हाय. तुमच्या हाताची सवय हाय तिला. मोटार जळलीया, वायरमन उद्या येतो म्हणाला. उठा आता, माझ्या एकटीच्यानं न्हाय व्हायचं."

असं कितीतरी वेळ. मी दारात उभी होते. त्यांची कीव यायला हवी होती, पण मला हेवा वाटला. दिवसभरातलं असलं बारीकसारीक सांगायला मला कुणी नाही आणि घरी आल्यावर ते फारच जाणवलं. म्हणून लिहायला बसले.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, तर एवढं कबूल करते. मी "येतं" म्हणाले ते त्या बाईंना नव्हतं. इतकी वर्षं ते मला कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही, म्हणून मीच मोठ्यानं म्हणून घेतलं.