जादा पदवी

ता. ६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उभी असशील तर आधी बस. पाणीपुरवठा खात्याच्या कनिष्ठ इंजिनिअरच्या परीक्षेत मी पास झाले! यादीत अगदी वर आहे. आता फक्त कागदपत्रांची तपासणी राहिली. पुढच्या जाहिरातीच्या वेळी माझं वय उलटलेलं असेल, तेव्हा जे काय व्हायचं ते याच खेपेला. तंत्रनिकेतनात तासावर शिकवून शिकवून मी विटले गं. दर सुट्टीत तोच घोर, पुढच्या सत्राला बोलावतील की नाही!

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. जाहिरातीत स्पष्ट म्हटलंय, डिप्लोमा चालेल, पदवी चालेल, त्याहून जास्त शिकलेल्यांनी अर्ज करू नये. म्हणे अशी माणसं टिकत नाहीत, बरं काही मिळालं की पळतात. म्हणून मी अर्जात एम.टेक. लिहिलंच नाही. नळांच्या गळतीवर रक्त आटवून प्रबंध लिहिला, आणि आता गळती थांबवायची नोकरी मिळावी म्हणून तोच प्रबंध कपाटात चादरींखाली लपवून ठेवलाय. हस मेले, हस.

मामांना यातलं काही बोलू नकोस. पास झाले एवढंच त्यांना कळवलंय. त्याच खात्यात जन्म काढला त्यांनी, पण नुसता डिप्लोमा म्हणून त्याच खुर्चीवर राहिले आणि कालची पोरं साहेब होऊन डोक्यावर बसली. आई-बाबांच्या माघारी आपल्याला वाढवलं, आणि मला एम.टेक. करायला लावलं, ते त्याच जिद्दीपायी. ते मी लपवलं असं कळलं तर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

भाऊजींना नमस्कार, पिल्लांचे पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ठमी

ता. १७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उ. आ.

ठमाबाई साहेब, तुमचं पत्र चार वेळा वाचलं आणि शेजारच्या मास्तरांना पाचव्यांदा वाचून दाखवलं. ते म्हणाले की आता नळाला पाणी आलं नाही की तुमच्या भाचीच्याच नावाने ओरडू. मी म्हटलं, खुशाल ओरडा, मला कुठे ऐकू येतंय! जमिनीला कान लावून गळत्या शोधण्यात कान गेले माझे. म्हणून तर तुला फोन न करता पत्र लिहितो.

तुला चकित करायचं म्हणून काल न सांगताच जुन्या ऑफिसात जाऊन आलो. वशिला लावायला नाही हं, तो आपल्या रक्तात नाही. नुसता चहा प्यायला. ओळखीचं कोणी उरलेलं नाही. जिन्याचा कठडा मात्र अजून तसाच हलतो. हेडक्लार्क नवीन आहे, पण माणूस मोठा आस्थेवाईक. खुर्ची दिली. मी त्याला म्हटलं, तुमच्या यादीत आमची भाची आहे, साधीसुधी समजू नका. आणि भिंतीवरचा तुझा तो काळ्या झग्यातला, पदक घेतानाचा फोटो पिशवीतून नेला होता, तो काढून त्याच्यापुढे ठेवला. तो चाटच पडला. त्याला माहीतच नव्हतं की तू एम.टेक. आहेस! तू अर्जात नीट लिहिलं नसशील, तुझा धांदरटपणा मला ठाऊक आहे. त्याने लगेच कोणतं विद्यापीठ, कोणतं वर्ष, सगळं विचारून पेन्सिलीने टिपून घेतलं. एवढी वर्षं त्या ऑफिसात काढली, पण माझं बोलणं कोणी लिहून घेतलेलं मला आठवत नाही.

तब्येत सांभाळ. म्हाताऱ्याला विसरू नये, साहेब झाल्यावरसुद्धा.
तुझा,
मामा

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न.

संपलं सगळं. मामांचं पत्र सोबत पाठवतेय, ते आधी वाच, म्हणजे मला लिहावं लागणार नाही.

ते पत्र आलं तेव्हाच पुढे काय होणार ते कळलं होतं. तरी तपासणीला गेले. माझ्या अर्जाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, एम.टेक., विचारून घ्यावे. तपासणारे साहेब सज्जन होते गं, तेच जास्त लागलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं की हे खरं आहे का. माझ्याच्याने नाही म्हणवेना. मग म्हणाले की नियमापुढे त्यांचाही इलाज नाही, आणि कोणी सांगितलं नसतं तर त्यांनी विचारलंही नसतं. वर हेही म्हणाले की ते म्हातारे गृहस्थ हेडक्लार्कपाशी फार कौतुकाने बोलत होते म्हणे.

बाहेर बाकावर माझीच एक विद्यार्थिनी बसली होती. डिप्लोमाला होती, गणित माझ्याकडेच शिकली. तिची निवड झाली. मॅडम, आपण आता एकाच ऑफिसात, असं म्हणून तिने मला मिठी मारली. मी तिचं अभिनंदन केलं आणि जिना उतरले. त्या हलत्या कठड्याला धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.

ताई, मला आता काही सुचत नाही. वर्गात जाते, शिकवते, खोलीवर येते आणि भिंतीकडे बघत बसते. रडूसुद्धा येत नाही. मामांचा राग यावा म्हणते, तोही येत नाही. त्यांना एवढंच लिहिते की नियमात बसले नाही, शिक्षण जास्त भरलं. बाकी तू त्यांच्यापाशी ब्र काढायचा नाहीस. तुला माझी शपथ.

ठमी

ता. १५ मार्च

चि. ठमीस,
अनेक आ.

तुझं पत्र मिळालं. मला काय दूधखुळा समजतेस? जास्त शिकलीस म्हणून घेतलं नाही! असं कुठे असतं का? त्या खात्यात मी हाडं झिजवली. कमी शिकलेल्याला मागे ठेवतात हे मी स्वतः भोगलंय. पण जास्त शिकलेल्याला बाहेर काढतात हे कोणी देवाची शपथ घेऊन सांगितलं तरी मी मानणार नाही. ताईला विचारलं तर ती कांदे-बटाट्याचं लिहिते.

ठमे, तुझं काही चुकलं का? उत्तरं देताना घाबरलीस का? तसं असेल तर सरळ सांग, मी रागावणार नाही. आणखी शीक, पीएच.डी. कर, मी आहे. पण खरं काय ते लिही. कारण तू म्हणतेस ते खरं असलं, तर मग त्या दिवशी मी तिथे जाऊन... छे! तो माणूस किती आस्थेने लिहून घेत होता. तसं असूच शकत नाही.

झोप लागत नाही हल्ली. तुझा फोटो आणल्यापासून पिशवीतच आहे, परत लावायला हात होत नाही. लवकर लिही, बाळा.
मामा

ता. २१ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्यापासून काही लपत नाही. लाज वाटली म्हणून ते जास्त शिक्षणाचं काहीतरी ठोकून दिलं. साहेबांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि माझी बोबडी वळली. माझ्याहून हुशार मुलं होती, त्यांना घेतलं. मी कमी पडले, मामा.

तुम्ही गेला होतात त्याचा मात्र उपयोग झाला. साहेबांनी तुमची आठवण काढली. म्हणाले की तुम्ही फार कौतुकाने बोलत होतात.

पीएच.डी.चं बघू. आता शांत झोपा, आणि फोटो भिंतीवर परत लावा. आहे तसा लोभ राहू द्या.
तुमची,
ठमी