अंगठा

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (शब्दशः साष्टांग. पाठ उन्हाने सोलली आहे, त्यामुळे पालथा पडूनच लिहितो आहे.) दाजींचा गुडघा कसा आहे? तुझी शुगर आटोक्यात असेल. माझ्या तब्येतीचं न विचारलेलंच बरं.

‘समुद्रावर जा, म्हणजे पुन्हा बोलायला लागाल,’ असं तूच म्हणालीस, तेव्हा आता तूच ऐक. मुलीच्या लग्नानंतर घरात आम्ही दोघंच उरलो आणि बोलणं ‘गॅस बंद केला का’ एवढ्यावर आलं, हे तुला ठाऊक आहे. इथे सगळं जाहिरातीतल्यासारखं आहे: ऊन, निळं पाणी, मागे हिरव्या टेकड्या. खोलीतून समुद्रही दिसतो (बाथरूमच्या खिडकीतून, बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिल्यास). टेकडीवर पक्षी बघायला गेलो, तर माझ्या एका शिंकेने सगळे उडाले. तुझ्या भावजयीने दुर्बिणीला झाकण लावलं आणि ती टेकडी उतरू लागली.

मग डायव्हिंग. तिला पाण्याची भीती, म्हणून धीर द्यायला मी पुढे झालो. शिकवणाऱ्या बाई खुणा समजावत होत्या तेव्हा मी रबरी पोशाख पोटावरून वर चढवण्यात गुंतलो होतो (दोन माणसं ओढत होती), त्यामुळे काही ऐकलं नाही. पाण्याखाली बाईंनी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. बाई खुशीत दिसतात, असं समजून मी ‘झकास’ म्हणून अंगठा उंचावला. बाईंनी दंड धरून मला थेट वर आणलं. पुन्हा खाली, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. शेवटी तोंडातली नळी काढून त्या म्हणाल्या, “काका, अंगठा म्हणजे ‘वर चला’. ठीक असाल तर गोल करायचा!” आणि माझी बोटीवर रवानगी झाली. मासा म्हणशील तर एक दिसला नाही.

भावजय मात्र बाईंबरोबर खालीच राहिली, आणि वर आली ती हसत. ताई, हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मी साफ विसरलो होतो गं. म्हणाली, “त्या बाई सारख्या विचारतात, ठीक आहे ना? आणि उत्तर मिळेपर्यंत जागच्या हलत नाहीत. घरी कोण विचारतं असं?” तेव्हापासून ती रोज बुडी मारते आणि मी बोटीत तिच्या चपला सांभाळतो. काल तर म्हणाली, “तुम्ही जा हवं तर परत. मी राहीन थोडे दिवस.” सगळं हातचं गेलं, ताई. उद्याच निघतो आणि तुमच्याकडेच उतरतो. त्या रिकाम्या घराचं कुलूप माझ्याच्याने एकट्याने उघडवणार नाही. अंथरूण घालून ठेव.

तुझा सोललेला भाऊ

ता. क. अंथरूण नको. दाजींची पोहण्याची चड्डी पाठव. माझी त्या ओढाओढीत उसवली.

आणखी एक. आत्ता नाश्त्याला तिच्याकडे बघून मी बोटांचा गोल केला आणि उत्तराची वाट बघत थांबलो. चहा गार झाला. मग तिने अंगठा दाखवला आणि उठून आंघोळीला गेली. आता हा अंगठा ‘झकास’चा, ‘वर चला’चा, की लोक एकमेकांना दाखवतात तसला? तूच फोन करून तिला विचार. अक्षर वाकडं आलं असेल तर सांभाळून घे. डाव्या हाताने लिहितो आहे, उजव्या हाताचा गोल अजून सोडलेला नाही.