हळदीच्या काट्यावर

हैदराबाद, शुक्रवार

रुद्रच्या बाबांना मंजुषाचा नमस्कार.

फोनवर तुमी रडता, म्हणून लिहून राहिले. उद्या ऑपरेशन! डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं: पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवणार, चार घासांत पोट भरणार. वजन उतरेल, साखर उतरेल, गुडघे मोकळे व्हतील! कधी टाका गळतो, रक्त जातं, पण क्वचितच म्हणे. ताकदीच्या गोळ्या मात्र जन्मभर. मी बिलकुल भ्यालेली न्हाई. रुद्रला माझ्या साडीची गोधडी पांघरता ना?

गावच्या दवाखान्यातला काटा पुरला न्हाई, म्हणून तुमी मला वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या काट्यावर उभं केलं, अन् आकडा हळूच कानात सांगितला. आल्यावर तिथंच उभी राहीन. या खेपेला मोठ्यानं सांगा, सगळ्या हमालांना ऐकू जाऊ द्या.

तुमचीच,
मंजुषा