दिवसा आडवं पडणं

मंगळवार, संध्याकाळ

आज माझी बायको रेखा पुन्हा व्यायाम अर्धवट टाकून उठली. बाळंतपणापासून तिला खोकताना लघवी आवरत नाही. हिंगोलीच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी शिकवलं आहे: पाठीवर पडायचं, गुडघे वाकवायचे, लघवी रोखल्यासारखं आतून आवळायचं, मग सैल सोडायचं. नेमानं केलं तर फरक पडतो म्हणाल्या. पण आमच्या घरात सून दिवसा आडवी पडत नाही.

"काहून लोळून राहिलीस गं भर दिवसा?" आईनं विचारलं. मी म्हणालो, तिची पाठ दुखते. खरं का सांगवत नाही मला? आईनं लगेच तेल कोमट केलं आणि तिची पाठ चोळायला बसली. ते बघवेना. मान खाली घालून सगळं सांगितलं.

आईनं तेलाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "तू झालास तवापासून मलाबी हेच हाय रे. वाटलं, बाईला असतंच."

म्हणून ती एसटीनं कुठं जात नाही. मला वाटायचं, तिला घर सोडवत नाही.

"पड माय तू," ती रेखाला म्हणाली. "म्या बसते दारात, कोनाला येऊ देत न्हाई."

इतक्या वर्षांनी आईलाही व्यायामानं फरक पडेल का, मॅडमना विचारायचं आहे. त्या नाही म्हणतील, म्हणून विचारायची भीती वाटते.