वर्गमैत्रिणींकडून सप्रेम

बा, काल डाळीचा डबा घासताना तू आठवलास. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तुझ्यावरचा राग काही विझत नाही. तुझी आठवण येते ती रागासकटच येते, आणि राग आला की लगेच तुझी कीवही येते, म्हणून धड भांडताही येत नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिते आहे. वाचता आलं असतं तर धीर झाला नसता.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि वस्तीत गुजरातला जायची बांधाबांध सुरू झाली. ऊसतोडीला मुकादम एकटा माणूस नेत नाही, जोडी लागते. नवऱ्याने तोडायचं, बायकोने पाचट काढून मोळी बांधायची. आदल्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना माय घसरली होती आणि तिची कंबर कायमची गेली होती. ती खाटेवर पडल्या पडल्या तुझ्याकडे बघायची आणि तू माझ्याकडे. मला कळत होतं, पण मी पुस्तक डोळ्यांपुढे धरून बसायचे. वस्तीतून नंदुरबारच्या कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी. मला शाळेत मास्तरीण व्हायचं होतं.

वनस्पतीशास्त्राचा तास चालू आहे. दारात तू उभा आहेस, डोक्याचा रुमाल हातात, चपला बाहेर काढलेल्या. सर विचारतात, काय हो? तू म्हणतोस, "आंडेरनं लगीन ठरी गयं, सर. तिले लेवाले उनू." माझं लग्न ठरलं म्हणून मला न्यायला आलास? सरांचा चेहरा आधी पडतो, मग ते सावरून म्हणतात, "अरे वा, अभिनंदन! पण सासरच्यांना सांगा, परीक्षेला तरी पाठवा हिला." आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवतो.

बस स्टँडपर्यंत मी तुझ्या मागे मागे चालले. मग विचारलं, "बा, लगीननं काबर सांगं तू?" तू रस्त्याकडेच बघत म्हणालास, "मंग काय सांगू? ऊस तोडाले ली जाई ऱ्हायनू, आसं सांगू? तठे सगळासमोर?" तुझी लाज मला समजली. माझं काय होईल ते मात्र आपल्या दोघांनाही समजलं नव्हतं.

दोन दिवसांनी दाखला आणायला गेले तर मुलींनी अहेर आणून ठेवलेला. स्टीलचा मोठा डबा, आणि त्यावर दुकानातून मशिननं अक्षरं कोरून घेतलेली, 'शुभविवाहानिमित्त वर्गमैत्रिणींकडून सप्रेम'. एकीनं माझ्या गालाला हळद लावल्यासारखं केलं, सगळ्या हसल्या. मीही हसले. हाच डबा घेऊन मी तुझ्याबरोबर ट्रकमध्ये बसले. गुजरातेत शेताच्या कडेला आपली झोपडी होती, त्यात तो पिठाला झाला. तुला अक्षर ओळखू येत नव्हतं, तरी कोरलेली बाजू तू न चुकता पाचटाच्या कुडाकडे फिरवून ठेवायचास. मी बघत असायचे. पहाटे थंडीत उसाच्या पानांनी हात कापायचे, तेव्हा तू स्वतःच्या हाताला गुंडाळलेली चिंधी सोडून मला द्यायचास. तेवढ्याने काही भरून येत नव्हतं, बा.

परत आल्यावर तूच म्हणालास, "आते जाय, नाव लाव परत. कोन काय म्हनस ते म्हनू दे." मी गेलेही. कॉलेजच्या फाटकात सर भेटले. उन्हानं काळी पडलेली मी, हातांवर चिरा, गळा मोकळा. त्यांनी गळ्याकडे बघितलं आणि झटकन नजर काढून घेतली. नवऱ्यानं टाकली किंवा नवरा गेला, असंच काही त्यांना वाटलं असणार. हळू आवाजात म्हणाले, "धीर धर, बेटा." कसलं लग्न आणि कसलं काय, एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की तू वर्गाच्या दारात खोटं बोललास हेही म्हणावं लागलं असतं. मी फाटकातूनच मागे फिरले. घरी आले. माझ्या तोंडावरूनच तुला कळलं.

पुढच्या हंगामाआधी तू माझं लग्न लावून दिलंस. मुलगा ऊसतोडीतलाच. त्याला जोडी हवी होती. मांडवात माझ्याजवळ येऊन तू खालच्या आवाजात म्हणालास, "आते ते खरं व्हयनं." तू पाया पडायला वाकतोस की काय असं मला वाटलं आणि मी भीतीनं पाय मागे घेतले.

डबा अजून आहे. घासून घासून अक्षरं पुसट झाली, पण उजेडाकडे धरला की वाचता येतात. मी त्याची ती बाजू भिंतीकडे करून ठेवते, तुझ्यासारखीच.

एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. तू खोटं बोललास आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला बरं वाटलं होतं. माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवायची ती पहिलीच वेळ होती.