गुऱ्हाळ, काहील आणि मंगलला सांगायचे शब्द

मी, हरणाबाई भाऊसो मोहिते, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती व गुऱ्हाळ, राहणार कृष्णाकाठचा मळा, तालुका पलूस, जिल्हा सांगली, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते की, माझे चित्त ठिकाणावर आहे. दुपारी डोळा लागल्यावर ते कोठे जाते, याची मात्र हमी नाही.

१. उसाची जमीन मुलगा दिग्विजय यास. तो फौजेत आहे. सुट्टीवर आल्या दिवशीच त्याने शहाणपण शिकवू नये. आधी आठ दिवस बांधावर बसून बघावे, मग बोलावे.

२. शेजारचे आप्पासो आमचा गूळ न चाखताच ‘लय भारी’ म्हणत आले. अशा कौतुकाने माणूस फुगतो, सुधारत नाही. त्यांना करपलेली एक ढेप द्यावी व समोर बसवून खायला लावावी.

३. गुऱ्हाळ, रस आटवायची काहील व तिच्याखालचे चुलवण सून मंगल हिला. हंगाम संपला की ती कराडकडे भावाच्या गुऱ्हाळावर कायमची जाणार, असे कानावर आहे. कारण विचारायला माझी जीभ रेटली नाही.

आमच्यात रीत अशी, की काहील उतरवण्याआधी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळायची आणि थोरल्याच्या हातावर ठेवायची. माझी गोळी सैल झाली तर मालक, म्हणजे माझे कैलासवासी यजमान, मला बाजूला घेऊन हळू सांगत, “हरणे, रंग झकास आलाय. जरा घाई झाली बघ.” त्याचा मला कधी राग आला नाही. मंगलने गोळी दिली की मी नुसते ‘हं’ म्हणते. हल्ली डोळा लागला की काहिलीची वाफ घरभर होते, गोड, पांढरी. वाफेत मालक उभे असतात. माझ्याशी बोलत नाहीत, मंगलच्या हाताकडे बघत राहतात. मला फार एकटे वाटते.

४. माझ्या मागे मंगलला सांगावे: तुझा गूळ माझ्यापेक्षा सरस उतरतो. फक्त शेवटी घाई करतेस.

लिहून घेणारी पूजा वरील मजकूर मला वाचून दाखवत असता मंगल चहा घेऊन आली. तिने सगळे ऐकले.

“आत्या, मी हितंच हाय की. तुमी गेल्यावर ऐकून काय करू? मला वाटायचं, तुमाला माजा गूळ पटतच न्हाई. म्हणून तर निगाले हुते.”

मी म्हटले, “आणिक काय असंल ते बोल.”

“तुमचं ‘हं’ लय जीवघेणं हाय बगा. आन् मी घाई न्हाई करत. चुलवण एका अंगाला खचलंय, तिकडं जाळ जास्त लागतुया, म्हणून करपायच्या आत काहील उतरवावी लागतीया. कवा वाकून बघितलंय का?”

बघितले नव्हते. तिला जवळ बसवले, हात धरला आणि गूळ सरस उतरतो हे माझ्या तोंडाने सांगितले. ती रडली, मीही रडले. चहा गार झाला. मग ती म्हणाली, “दिवाळीच्या आत चुलवण नवं बांधू.”

सबब कलम चार खोडले आहे. ज्याचे त्याला पोचले. मागे ठेवायला उरले नाही. बाकी मजकूर कायम.

ठिकाण: मळ्यातले घर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२४

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: हरणाबाई भाऊसो मोहिते

आमच्यादेखत अंगठा केला. खाडाखोडही आमच्यादेखत झाली.
साक्षीदार: १. कोंडीबा येडगे २. पूजा ऋषिराज सावंत