मुकादमाचं घर

प्रिय बेबी,

त्या सकाळी दूध गॅसवर ठेवून मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. चादरी, तुझ्या बाबांचे शर्ट, आणि भुशानं भरलेली त्यांची ती जाड पँट, जी मी नेहमी वेगळी धुवायचे. कामाच्या खोलीत रंधा चालला होता. लाकूड मऊ आहे की कठीण, हे मला आतापर्यंत नुसत्या आवाजावरून कळायला लागलं होतं. पण त्या दिवशी आवाजाच्या आधी वास आला. देवदाराचा. असा घमघमाट सुटला की दूध उतू जाऊन करपलं तरी मला पत्ता लागला नाही. मी तणतणत भांडं घेऊन आत गेले, तर म्हणाले, दुधाचं काय घेऊन बसलीस, हे बघ. आणि रंध्याखालून निघालेला लांबलचक छिलका माझ्या नाकाशी धरला.

तुझ्या टाचणीच्या सशासाठी घर करत होते. मी खुराडं म्हटलं की चिडायचे. घर म्हण, म्हणायचे. पोरगी बारीक आणि बोलणं टोचरं म्हणून तिला टाचणी केलं त्यांनीच, आणि सशाला मुकादमही त्यांनीच केलं, कारण तो मागच्या पायांवर बसून दुसऱ्यांचं काम बघत राहायचा आणि स्वतः काडी हलवायचा नाही. त्या दिवशी आमचं काय बोलणं झालं ते तुला ठाऊक नाही. मी म्हटलं, खोक्यांच्या साध्या फळ्या पडल्यात कोपऱ्यात, त्या वापरा की, देवदार तुम्ही कपाटासाठी ठेवलाय. यात माझं काही शहाणपण नव्हतं, चिक्कूपणा होता. त्यांना ते लागलं. माझ्या नातीचा ससा खोक्याच्या लाकडात राहणार का, म्हणाले. देवदाराच्या कपाटात कपड्यांना कसर लागत नाही, लाकडाला कीड लागत नाही, मग सशालाही तो चांगलाच, असा त्यांचा सरळ हिशेब.

आणि काम तर काय केलं, तू पाहिलंसच. रंग लावला नाही, पॉलिश लावलं नाही. ससा कुरतडणार, ते पोटात जाईल म्हणून. एक खिळा वर राहू दिला नाही. वारा लागू नये म्हणून सगळ्या फटी बंद केल्या, जाळीचं दार लहानसंच ठेवलं. आणि खाली अंथरायला म्हणून रंध्याचे सगळे छिलके पोत्यात भरून तुझ्या घरी दिले, महिनोन्‌महिने पुरतील एवढे. परत आल्यावर मला म्हणाले, मुकादम आता साहेबाच्या बंगल्यात गेला. पुढच्याच पंधरवड्यात ते गेले. शेवटचं काम ते, म्हणून आपण सगळेच त्या घराकडे बघताना जरा जपून बघतो. मीसुद्धा.

मग तुझी धावपळ सुरू झाली. इकडे मी, तिकडे तुझं ऑफिस, मध्ये ती एवढीशी पोर. मुकादम शिंकायला लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, गवताला तोंड लावेना. सर्दी असेल म्हणून तू त्याचं घर आणखी झाकून ठेवलंस. कुणीही तेच केलं असतं. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी टाचणी पाणी बदलायला विसरली होती, आणि तू तिला म्हणालीस, एवढं एक काम होतं तुझ्याकडे. हे मला तू सांगितलं नाहीस. तिनं सांगितलं, परवा. तेही मी खोदून विचारलं तेव्हा.

तू मागच्या आठवड्यात फोनवर म्हणालीस की शेजारच्यांकडे सशाला पिल्लं झालीत, त्यांतलं एक टाचणीला आणायचं, आणि मुकादम गेल्यावर तू माझ्याकडे आणून टाकलेलं बाबांचं घर मी साफसूफ करून ठेवावं. पोरीला सशाचं नावही नको झालंय, पण आजोबांचं घर बघितलं की पाघळेल, असं तुझं म्हणणं. मी लगेच कामाला लागले. बरं वाटलं हातांना. एक कड मुकादमानं अगदीच कुरतडून ठेवली होती, तेवढी पट्टी बदलावी म्हणून वखारीत गेले. वखारवाल्यानं आधी बाबांची आठवण काढली, मग हिरवट झाक असलेली एक फळी पुढे केली. औषध पाजलेलं लाकूड आहे, पावसात टाका, वीस वर्षं सडणार नाही. मी विचारलं, औषध कसलं? ससा ते खाणार. मग त्यानं प्लायवुड काढलं. मी म्हटलं, त्यात गोंद असतो. मग जुन्या दाराची फळी काढली, तिच्यावर रंगाचे थर. शेवटी हात टेकले आणि म्हणाला, वहिनी, यात ससा राहणार आहे की जावई? मी म्हटलं, जावई लाकूड खात नाही, नाहीतर त्यालाही विचारून घेतलं असतं. तुझ्या नवऱ्याला हे सांगू नकोस.

रिकाम्या हातानं परतले आणि वाटेत वाचनालयात शिरले. तुला माहीत आहे, मला शाळा थोडीच मिळाली, पण छापलेलं दिसलं की मी सोडत नाही. ससे पाळण्यावरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्यात लाकडांबद्दल दोन पानं होती. भट्टीत पुरतं वाळवलेलं साधं पाइन चालतं, सफरचंदाच्या वाळल्या फांद्या कुरतडायला चालतात. आणि खाली लिहिलं होतं, देवदारासारखं उग्र वासाचं लाकूड टाळावं, त्याचे छिलके तर अंथरूच नयेत. तो वास बंद जागेत कोंडला की सशाच्या श्वासाला आणि यकृताला बाधतो. मी ते पान पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटून तिथेच बसून राहिले. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ दोनदा विचारून गेले, पाणी हवंय का.

जनावरांच्या डॉक्टरकडे गेले, कारण पुस्तकाला उलट प्रश्न विचारता येत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, इतक्या दिवसांनी कशानं गेला ते छातीठोक सांगता येणार नाही, पण तुम्ही सांगता ती सगळी लक्षणं त्या छिलक्यांशी जुळतात. टाचणीकडून पाण्याचं कळल्यावर काल सकाळी पुन्हा जाऊन विचारलं, आणि एक दिवस पाणी बदललं नाही त्यानं? भांड्यात आदल्या दिवशीचं पाणी होतं ना, म्हणाले, मग त्यानं नाही.

बेबी, पहिल्यांदा डॉक्टरांकडून घरी येईपर्यंत मी ठरवूनही टाकलं होतं की कुणाला काही सांगायचं नाही. गुपचूप नवीन घर करून घ्यायचं, जुनं माळ्यावर टाकायचं, बिजागरी मोडली म्हणायचं. माणूस राहिला नाही, त्याचं एक काम राहिलंय, त्यालाही नाव कशाला ठेवायचं? तुला त्यांची किती ओढ ते मला माहीत आहे. मलाही कुणासमोर बोलून दाखवायची सवय नाही, पण सकाळी उठल्यावर चहाचं पाणी मी अजून दोघांचं ठेवते आणि मग अर्धं ओतून टाकते.

मग परवा टाचणीशी बोलले. नव्या पिल्लाचा विषय काढला, तर म्हणाली, आजी, मला नको, मी विसरते. रडली नाही. आपलं नाव सांगावं तसं सांगितलं. मी खोदून विचारलं तेव्हा ते पाण्याचं निघालं. त्या रात्री मला बाबांचं कपाटांचं काम आठवत राहिलं. गिऱ्हाइकाचा निरोप आला की खण अडकतोय, तर आधी अर्धा तास आदळआपट. गिऱ्हाइकानंच आत ओलं फडकं ठेवलं असणार, माझा खण अडकत नाही, म्हणायचे. आणि मग हत्यारांची पिशवी उचलून निघायचे. जाऊन खण काढायचे, उन्हात धरून बघायचे आणि म्हणायचे, माझंच माप चुकलं. हे मी त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा माझ्या कानांनी ऐकलंय. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर स्वतःची चूक ठेवून तो माणूस स्वस्थ बसला असता का?

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच बोलली असतीस आणि मी गप्प बसले असते. काल दुपारी, तू कामावर असतेस त्या वेळी, मी तुला न विचारता टाचणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. लाकडाचं, छिलक्यांचं, डॉक्टर काय म्हणाले ते. आजोबांनी सगळ्यांत चांगलं म्हणून ते लाकूड निवडलं आणि तेच नेमकं चुकलं, हेही. तिनं विचारलं, आजोबांना कळलं होतं का? मी म्हटलं, नाही गं. तर म्हणाली, बरं झालं. आणि थोड्या वेळानं, ते पिल्लू केवढं होणार, म्हणून विचारलं. माझ्यावर रागवायचं असेल तर रागाव, पण त्या दिवशीचं तुझं ते पाण्यावरून बोललेलं वाक्य तेवढं तिच्याकडून परत घे. तूही वडील गमावले होतेस, तुला मी काही म्हणत नाही. फक्त ते तिला तुझ्याच तोंडून ऐकू दे. आज सकाळी मी वखारीत गेले, नव्या घरासाठी भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या फळ्या मापाप्रमाणे कापून घेतल्या आणि रिक्षात घालून घरी आणल्या.

तुझीच,
आई